आईंचं कलबूत

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जोड्यांचं दुकान बंद झालं आणि कलबुतांचं पोतं घरी आलं. कलबूत म्हणजे ज्यावर चामडं ताणून जोडा शिवतात तो लाकडी पाय. गिऱ्हाइकागणिक वेगळा. बाबा म्हणाले, "जाळून टाका." मी म्हटलं, "त्यापेक्षा दाराजवळच्या भिंतीवर ओळीने ठोकू. कोट, पिशव्या, छत्र्या अडकवायला."

"लोकांच्या पायांना पिशव्या अडकवणार? धन्य आहेस!" ते हसले. पण मी पॉलिश पेपर हातात घेतला आणि त्यांचं हसू मावळलं. "तो ठेव आधी खाली. हा रंग काय डब्यातला आहे होय? माझ्या तळहाताचा आहे."

तेव्हापासून माझी छोटी झोपली की आमचं काम सुरू. आधी कोरडा ब्रश, मग घट्ट पिळलेलं फडकं, त्यावर लगेच कोरडं, शेवटी मेणाचं बोट. धूळ निघायची, खिळ्यांची भोकं, सुरीचे ओरखडे आणि टाचेजवळची मधासारखी गडद चमक मात्र जागच्या जागी राहायची. बाबा नुसत्या स्पर्शाने माणसं ओळखायचे. "हा पोस्टमन. आणि हे मास्तर, दोन्ही पाय डावे असल्यासारखे चालायचे."

एका उजव्या कलबुतावर, अंगठ्याच्या मुळाशी, चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवलेले होते. वरच्याची कड जराशी सुटली होती. मला वाटलं, कुणीतरी केलेली डागडुजी. मी सुरीचं टोक आत सरकवलं.

"हात काढ!"

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. छोटी दचकून उठली, तिने भोकाड पसरलं. तिला खांद्यावर घेतलं तेव्हा बाबांनी ते कलबूत माझ्यापुढे धरलं. "अंगठा फिरव. कुठे पायरी लागते?"

सुटलेली कड सोडली तर कुठेच लागत नव्हती. थर कितीतरी, पण प्रत्येकाची कड कागदाहून पातळ तासलेली. तो उंचवटा लाकडालाच फुटला असावा असं वाटत होतं. मी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिले.

"ही तुझी सासू," ते हळूच म्हणाले. "हाड वाढत गेलं, तसा मी थर चढवत गेलो. बाहेरून दोन्ही जोडे सारखेच दिसायचे."

"आईंना माहितीये?"

"पाय तिचा आहे गं. पण बोललो नाही कधी. जोडा चावायला लागला की ती मुकाट्याने माझ्या स्टुलाशी आणून ठेवायची."

आता बाबांचे हात थरथरतात. त्यांनी शिवलेला शेवटचा जोड फाटला तेव्हापासून आईंचे गुडघे दुखायला लागले होते. निदान आम्हाला त्या तसं सांगायच्या. छोटीला बागेत नेणंही बंद झालं होतं.

"बाबा, हे भिंतीवर नाही जायचं," मी म्हटलं. "हे अजून कामावर आहे. कोपऱ्यावरच्या कारागिराला देऊ, तो यावर शिवेल."

"परक्याला दाखवू देईल ती?"

"काय दाखवायचंय?" रडणं ऐकून आई दारात आल्या होत्या. त्यांनी कलबूत पाहिलं आणि मोज्यातला पाय मागे घेतला. "माझा पाय भिंतीला टांगाल तर याद राखा!"

"टांगत नाही गं. शिवायला द्यायचंय."

"आणि त्याने विचारलं, कुणाचा हा, तर?"

"सांगू एका गिऱ्हाइकाचा."

आईंनी ते हातात घेतलं. इतकी वर्षं त्यांनी ते लांबूनच पाहिलं होतं. त्यांचा अंगठाही त्या उंचवट्यावरून फिरला, एकदा, मग उलटा. छोटी हुंदके देत त्यांच्याकडे झेपावत होती.

"एवढं बारीक काम," त्या म्हणाल्या, "आणि मला म्हणायचे, हातासरशी उरकलं."

मग स्टुलावर बसून त्यांनी मोजा काढला. पाय बाबांच्या गुडघ्यावर ठेवला, शेजारी कलबूत. "हे जुनं माप आहे. आणखी एक थर लागेल."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छोटीला आईंच्या मांडीवर दिलं आणि चामड्याचा तुकडा तासायला घेतला.

"पातळ," बाबा म्हणाले. "अजून पातळ."

"आणि गिऱ्हाइकाचा वगैरे काही नको," आई म्हणाल्या. "मीच येते बरोबर. माझा आहे म्हणून सांगेन."