सहावी कबुली

कबड्डीचा अंतिम सामना संगीताच्या शाळेनं एका गुणानं जिंकला. हे आता विसरून जा. अजून काहीच झालेलं नाही. लोणावळ्याच्या मैदानावर शेवटचं मिनिट चालू आहे, गुण बरोबरीत आहेत आणि डोंगरवाडीची संगीता चढाईला निघाली आहे.

यंदा स्पर्धेत खिलाडूवृत्तीची ढालही होती. खेळाडूनं आपली चूक आपणहून सांगायची, पंचांनी वहीत उतरवायची. संघाला ओळी पाच. ज्यांच्या आधी भरतील, त्यांची ढाल. त्यामुळे पोरी सकाळपासून आपापली पापं धुंडाळत होत्या. एकीनं दुसऱ्या शाळेच्या डब्यातल्या भज्यांचा मुद्दाम वास घेतल्याचं कबूल केलं. राखीव खेळाडू तर थेट चौथीत गेली: तेव्हा प्रार्थनेला तिनं नुसतेच ओठ हलवले होते.

ही पाचवी कबुली पंच राजेंद्र सर मान खाली घालून लिहीत होते, रेषेवरचे पंच त्यांना दुसरं पेन आणायला गेले होते, आणि नेमका तेव्हाच हूल देताना संगीताचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडला. चांगला वीतभर. तशीच ती एकीला शिवून परत आली. सरांनी मान वर केली, शिट्टी वाजली. जिल्हा संघात एकच जागा उरली होती, ती संगीताला नाहीतर समोरच्या कप्तानाला मिळणार होती. निवडवाल्यांनी तिथं संगीताचं नाव लिहूनही टाकलं.

संगीता धावत सरांकडे गेली.

"सर, माजा पाय भाईर गेलता. मी बाद हाये."

"शाब्बास! पण तुमच्या ओळी भरल्या गं."

"ही खरी हाये, सर."

"म्हणजे आधीच्या पाच खोट्या? हळू बोल. ढाल जाईल."

ती समोरच्या संघाच्या कप्तानाकडे, अपेक्षाकडे गेली.

"अपेक्षा, तू बघितलंस न्हवं माजा पाय?"

"बघितला की. ओरडणारच होते. पण दुसऱ्याची चूक काढली की आमची एक ओळ खोडतात." अपेक्षा गुडघ्यावरची माती झाडत राहिली. "जागा मिळाली ना तुला? मग घे की गप. आता माझ्यापुढं येऊन रडू नको."

संगीताला बसवेना, उभं राहवेना. पाहुणे चारित्र्यावर बोलत होते, तोवर तिनं मंडपाला तीन फेऱ्या घातल्या. गळ्यातलं पदक काढलं, खिशात घातलं, खिसा टोचायला लागला म्हणून हातात धरलं. शेवटी शाळेच्या बाईंकडून कागद मागून घेतला आणि ढोल वाजत असताना, मांडीवर ठेवून लिहिलं:

"प्रति, मा. पंच महोदय. विषय : मला बाद करणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, आजच्या शेवटच्या चढाईत मला पाय बाहेर पडल्या वेळेपासून बाद समजण्यात यावे, व जिल्हा संघातील माझी जागा कु. अपेक्षा हिला देण्यात यावी. ती नको म्हणाल्यास तिचे ऐकू नये, ही नम्र विनंती."