कट्टबेकु

बंगलोरात मल्लेश्वरमला येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर विद्या असं फाडफाड कानडी बोलायला लागली की भाजीवालीसुद्धा तिला ‘अक्का’ म्हणे. बाबा कारखान्यात इंजिनिअर, पण त्यांचं कानडी ‘स्वल्प स्वल्प’वरच आटपायचं. म्हणून आई पायरियाने हलणारे पुढचे दात दाखवायला कारखान्याच्या दवाखान्यात निघाली, तेव्हा दुभाषी म्हणून विद्याच मिरवत गेली.

डॉक्टर म्हणाले, दात काढावे लागतील, पण उन्हाळाभर औषधावर निभेल. आईला तेच हवं होतं. थोरल्या सुलभाचं लग्न वैशाखात होतं आणि मंगलाष्टकं आईने स्वतः रचली होती. म्हणणारही तीच होती.

विद्याला मात्र राहवेना. कारखान्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत काय काय बसतं, ते तिने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

“कीळोदु फ्री,” तो म्हणाला. “सेट आमेले. कट्टबेकु.”

“काढणं फुकट, आणि नंतर नवे बांधून देणार,” विद्याने सांगितलं. कट्टु म्हणजे बांधणं, हे शेंबडं पोरही सांगेल. “लग्नात अगदी मोत्यासारखे दात.”

“नक्की ना गं?”

“आई, कानडी तुला येतं की मला?”

आई हसली आणि दात काढायच्या खुर्चीत जाऊन बसली.

हिरड्या भरून आल्यावर दोघी परत गेल्या, तेव्हा कारकुनाने हात पुढे केला. “दुड्डु?” पैसे भरण्यालाही कानडीत ‘कट्टोदु’च म्हणतात; ‘कट्टबेकु’ म्हणजे ‘पैसे भरावे लागतील’. योजनेत फक्त दात काढणं होतं. नवे ज्याचे त्याने करायचे.

बाबांची शिल्लक कार्यालयात आणि शालूत गेलेली. ते उसने मागायला निघाले, तर आईने अडवलं.

“आधी शुलभाचं होऊ दे,” ती म्हणाली. लेकीचं नावसुद्धा आता तिला धड घेता येत नव्हतं.

अंतरपाट धरला तसा आईने पदर तोंडावर ओढला आणि विद्याला पुढे ढकललं. विद्या एकाही अक्षराला अडखळली नाही. पदराआड आईचे ओठ हलत होते.

अक्षता पडल्यावर शेजारच्या अहल्याक्का जवळ आल्या. “याके, निम्म अम्म हाडलिल्ला?” तुझी आई का नाही गायली?

“काय म्हणतायत गं त्या?” आईने विचारलं.

विद्याने खाली पाहिलं. “मला नाही कळलं, आई.”