डावीकडे ओढणारी गाडी

खालचा बोल्ट काही केल्या हटेना, तेव्हा उस्तादने पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. बोल्ट कडाडला आणि ती गुडघ्यावर आपटली.

"सुटला का?" स्टुलावरून बाबांनी विचारलं.

"सुटला. त्याच्याबरोबर मीही."

आठवडाभर डेपोत बसगाड्यांची चाकं काढायची आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या गाडीची. अंग नुसतं आंबून गेलं होतं. उस्ताद हे नाव बाबांनीच ठेवलेलं, ती फ्रॉकमध्ये होती आणि न सांगता बरोबर पाना त्यांच्या हातात द्यायची तेव्हापासूनचं. आता तिच्या केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

गाडी बाबांच्या तरुणपणची. लाल, दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे जमिनीवर बसकण मारणंच. आई तिला सवत म्हणायची. पूर्वी ती थट्टा होती. पण अलीकडे बाबांनी फाटकाचा खांब, शेजाऱ्यांच्या कुंड्या आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली एक कचरापेटी आडवी केली होती. दर वेळी दोष गाडीचा.

"पुढचे शॉकअप गेलेत. गाडी खड्ड्यात आदळते, डावीकडे ओढते, त्याला मी काय करू?"

सकाळीच आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

"पार्ट मिळत नाहीत म्हणून सांग ना. राहू दे गाडी दारात उभी. त्यांना डावीकडचं दिसत नाही गं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते रोज, आणि वर विचारतात, आज भाजी केली नाहीस?"

"पण पार्ट आलेत, आई."

"एवढंसं खोटं बोललीस तर काय जीभ झडेल?"

"आज मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा मेकॅनिक धरतील. गाडी ठणठणीत करून देते. मग ओढतं कोण, ते त्यांचं त्यांनाच कळू दे."

आईने फडकं झटकलं. "आणि ते कळेपर्यंत कुणाला लागलं तर?"

ती जॅक शोधायला निघून गेली होती.

आता बॉनेटखालचे वरचे नट काढून तिने शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर ओढला. स्प्रिंग शिकंज्यात धरून हळूहळू दाबली. दाबलेली स्प्रिंग म्हणजे कोंडलेलं मांजर, कधी अंगावर येईल सांगता येत नाही. बाबा श्वास रोखून बघत होते. स्प्रिंग सुटली. जुना शॉकअप तेलाने माखला होता. तिने त्याचा दांडा तळव्याने आत दाबला, तो खालीच बसला. वर यायचं नावच घेईना.

"खरंच गेलेत, बाबा."

"मग! मी काय सांगत होतो?"

नापास होणार म्हणून धरून चाललेल्या पोराचा पास झाल्यावर होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. उस्ताद मान खाली घालून हात पुसत बसली, पुसून झाल्यावरही.

दुसरी बाजू उरकेपर्यंत दुपार कलली. बाबांनी प्रत्येक नटाला स्वतः पाना लावून पाहिला.

"एकही ढिला नाही. शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. आणि वर मारही तुम्हीच दिलात."

मग ती एकटीच गाडी घेऊन निघाली. चाकांचा कोन तपासून घेतला आणि रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगवरचे हात अलगद उचलले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. एरवी तिने शीळ घातली असती. आज घरी येऊन तिने मुकाट्याने किल्ली बाबांच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे बसली.

"वा! लोणी आहे लोणी!" पहिलं वळण त्यांनी झोकात घेतलं. दुसरंही. आपण उगाच घाबरलो, असं तिला वाटायला लागलं.

पुढे डाव्या फुटपाथच्या कडेला एक बाई पिशव्या सावरत उभी होती. उस्तादला ती लांबूनच दिसली. बाबा आता उजवीकडे घेतील, आता घेतील. बाबा गुणगुणत होते.

"बाबा!"

तिने स्टिअरिंग खेचलं. गाडी किंचाळत थांबली. बाई मागच्या मागे भिंतीला टेकली होती, आणि संत्री रस्ताभर झाली होती.

"डोळे आहेत की बटणं?" बाई ओरडली.

बाबा समोर बघत होते. "ही... आली कुठून?"

उस्ताद उतरली. तिने वाकून संत्री गोळा केली. मग गाडीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माफ करा, ताई. चूक माझी आहे. आत्ताच शॉकअप बदललेत मी. नीट बसले नाहीत. गाडी ओढतेय."

"तुम्ही बदललेत? मग आधी काम शिका, आणि मग लोकांच्या जिवाशी खेळा!"

"हो, ताई."

आजवर तिच्या कामाला असं कुणी बोललं नव्हतं. कान तापले. शेवटचं संत्रं पुसून तिने पिशवीत ठेवलं आणि वळली.

उजवीकडची सीट रिकामी होती. बाबा गाडीला वळसा घालून, दाराला धरून धरून, डावीकडे जाऊन बसले होते. किल्ली होती तिथेच होती.

ती आत बसली.

"हलगर्जीपणा झाला तुझ्याकडून," बाबा म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

"हो."

"परत खोलावी लागेल."

"हो, बाबा."

"घाई करू नकोस."

तिने गाडी सुरू केली. घराकडचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला होता. खड्ड्यांमागून खड्डे गेले. गाडी ना दचकली, ना कुठे खडखडली.