आवाज क्रमांक चार

"मॅडम, ती तेवीस नंबरची फाईल उघडतच नाहीये. करप्ट झालीये वाटतं."

हे वाक्य कल्पिताने सकाळपासून बसमध्ये चारदा घोकलं होतं. तरी म्हणताना आवाज चिरकलाच. विनिता मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक पेनड्राईव्ह काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"घाबरू नकोस. तुझ्या सगळ्या रेकॉर्डिंगची प्रत माझ्याकडे आहे. तेवीस नंबर म्हणजे तर तुझ्या प्रकल्पाचा प्राण. तो वगळून कसं चालेल?"

"हो मॅडम," कल्पिता म्हणाली. आता दुसरं काही सुचेना.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या त्या कॉलेजात माध्यम अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षाची सादरीकरणं होती. कल्याणहून बाहेरचे परीक्षक आले होते. कल्पिताचा विषय होता 'मोबाईल गेममधला काळा माणूस'. गेम बनवणारे त्याला कसा रंगवतात: हुकूम सोडणारा गोरा, आणि अंगाने आडदांड, दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा काळा. आणि ही पात्रं घेऊन खेळणारी आपली पोरं एकमेकांशी काय बोलतात. हा विषय तिला कोणी दिला नव्हता, तिने तो मागून घेतला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं. मानपाड्याच्या पलीकडच्या गावात, आगरी घरात, 'काळी' याच हाकेला ओ देत ती मोठी झाली होती. जगभर लोक यावर अभ्यास करतात, पुस्तकं लिहितात, हे पहिल्या वर्षाला कळलं तेव्हा तिला कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं होतं.

तीन महिने ती तो बंदुकीचा गेम खेळली. चार-पाच जणांची टोळी करायची, कानात हेडफोन, आणि सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. मॅडमचा नियम असा की अहवालात नाव कुणाचंच लिहायचं नाही. प्रत्येक आवाजाला क्रमांक. तेविसाव्या रेकॉर्डिंगमध्ये पाच आवाज होते. एक, दोन आणि तीन म्हणजे कल्याणचा मयूर आणि त्याचे दोन दोस्त. पाच म्हणजे नवी मुंबईत शिकणारा एक आफ्रिकन मुलगा. आणि चार?

चार म्हणजे कल्पिता. हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

मॅडम म्हणायच्या, "हा चौथा आवाज सगळ्यात भयंकर आहे. बाकीचे शिव्या देतात, हा हसत हसत कापतो." कल्पिता मान हलवायची. अहवालात तिने लिहून टाकलं होतं, 'संशोधक केवळ निरीक्षक होती.' एकदा खोटं लिहिलं की ते निस्तरायला आणखी चार खोटी लिहावी लागतात. तिने चारही लिहिली होती.

झालं होतं ते असं. खेळणाऱ्यांत एक मुलगी आहे हे कळल्यावर ही पोरं त्या पोरीला काय काय बोलली, तिचे फोटो कसे शोधले, ते कल्पिताने आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं. ऐकून तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. म्हणून ती घशातून, जाड आवाजात, मोजकंच बोलायची. तो आफ्रिकन मुलगा आठवडाभर त्यांच्यात खेळत होता. मोडक्या हिंदीत बोलायचा. एकदा ती गेममध्ये गोळी लागून पडली तेव्हा बाकीचे पुढे पळाले, आणि हा परत आला. "भाई, रुको, मैं आता," म्हणाला आणि आपलं औषध तिला दिलं. तेविसाव्या रेकॉर्डिंगच्या दुपारी मात्र टोळी हरली आणि मयूरने खापर त्याच्यावर फोडलं.

"ए काळू, लाईट लाव ना जरा! दिसत नाय तू!"

दुसरे दोघे खिंकाळले. मग एकापेक्षा एक. माकड काय, कोळसा काय. कल्पिता घराच्या गच्चीवर वाळवणाशेजारी बसून ऐकत होती, गप्प. आणि मयूरला ते गप्प राहणं टोचलं.

"ओय, तू का शांत रे? तुझा भाऊ लागतो काय तो? सेम फॅक्टरीचा माल काय?"

यांना कळलंय. आता आपली पाळी. आवाज ओळखतील, मुलगी आहे म्हणतील, फोटो शोधून काढतील, आणि मग त्या पोरीचं केलं तेच. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. भीतीने तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं नव्हतंच, पण तिच्याच तोंडातून निघालं:

"तव्याचा बूड तुज्यापेक्षा उजल हाय रे!"

आणि ती हसली. बाकीच्यांना आधी कळलं नाही, मग मयूरने पाचव्यालाही समजेल असं हिंदीत उलगडून सांगितलं आणि तिघेही लोळायचे बाकी राहिले. पाचवा आवाज काहीच बोलला नाही. रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंद नुसता श्वास आहे. मग तो गेममधून निघून गेल्याची टिकटिक.

तिने ती फाईल पुसायला हवी होती. पण इतर सगळ्या फाईलींसोबत ती मॅडमना आपोआप गेली आणि मॅडमना नेमकी तीच आवडली.

आता फक्त एक आशा होती. वर्गात आगरी बोली जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. जाड केलेला आवाज, पत्र्यासारखा खरखरणारा माइक. कोण ओळखणार? असं मनाला समजावत ती सभागृहात शिरली आणि दारातच थिजली.

मागच्या रांगेत आई बसली होती.

या वर्षी पालकांना बोलवा असं विभागाने ठरवलं होतं. भिवाने, म्हणजे तिच्या बापाने, "मना काय कललं त्यातला?" म्हणून हात झटकले होते. आईलाही कल्पिताने नको म्हणून सांगितलं होतं. सगळं इंग्रजीत असतं, कंटाळशील. पण सगुणाबाई कोणाचं ऐकणाऱ्यांतली नव्हती. ठेवणीतली हिरवी साडी नेसून, गळ्यात दोन पदरी पोत घालून, रिक्षा आणि बस बदलून ती एकटी ठाण्याला आली होती. तिच्या घरात पंधरावीपर्यंत पोहोचलेली ही पहिली मुलगी. आई तिच्याकडे बघून हसली आणि पदर सावरून ताठ बसली.

पळून जावं असं कल्पिताला वाटलं. खरंच वाटलं. पोटात दुखतंय म्हणावं, चक्कर आली म्हणावं. पण तिचं नाव पुकारलं गेलं होतं आणि पाय आपसूक पुढे चालले होते.

पहिली दहा मिनिटं ती काय बोलली ते तिलाच आठवत नाही. पडद्यावर गोरे नायक आले, काळे गुंड आले, तक्ते आले. परीक्षक मान डोलवत होते. मग विनिता मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "आता तेवीस नंबर ऐकव." माऊस दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

मयूरचा आवाज सभागृहात घुमला. हशा. शिव्या. मग तो जाड, खरखरीत आवाज, ते वाक्य, ते हसू. मग अकरा सेकंद. घरी हेडफोनमध्ये ती कधी संपतात ते कळायचं नाही. इथे ती संपेचनात.

"हा चौथा मुलगा आपल्याच भागातला दिसतो," परीक्षक म्हणाले. "काय म्हणाला तो नेमकं? तुम्ही इथल्याच ना? अर्थ सांगा बरं."

कल्पिताने तोंड उघडलं. मग नुसतीच अहवालाची पानं चाळू लागली. ती आईकडे बघायचं टाळत होती, आणि नेमकी तिकडूनच हालचाल झाली.

"मी सांगू का?"

सगुणाबाई उभी राहिली होती. एवढ्या लोकांत बोलायची सवय नाही, म्हणून समोरच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती.

"तव्याचा बूड काला असतं ना, साहेब. जलून जलून. त्यापेक्षा पन तू काला, असा अर्थ. माजी सासू मना बोलायची. लगीन होऊन आले तवापासून ती जाईपरत. भाकरी थापताना बोलायची, पावन्यांम्होरं बोलायची. मंग माज्या पोरीला पन बोलाया लागली."

"वाईट वाटायचं?" परीक्षकांनी हळूच विचारलं.

"सवय झालती," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "तसा बोलायचा असतं. होत नाय सवय."

ती खाली बसली. तिने कल्पिताकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहत राहिली. आणि तेवढ्यावरून कल्पिताला कळलं की आईने आवाज ओळखला. पन्नास पोरांच्या कालव्यात आपल्या पोरीचा खोकला ओळखणारी बाई ती. ओळखून उठली होती, लेकीला बोलावं लागू नये म्हणून. आईने तिला पदराखाली घेतलं होतं, आणि तेही त्या वाक्यापासून, जे तिने स्वतः वीस वर्षं सोसलं होतं.

आता गप्प राहिलं तर सगळं निभावणार होतं. मार्क, पुण्याला पुढचं शिक्षण, मॅडमची शिफारस, सगळं. 'चांगला प्रकल्प,' असं परीक्षक म्हणतही होते. त्या गच्चीवर वाटली होती त्याहून जास्त भीती कल्पिताला आता वाटत होती.

"सर," ती म्हणाली. "आवाज क्रमांक चार माझा आहे."

"म्हणजे?"

"मीच बोललेय ते. मी मुलगा असल्यासारखी बोलायचे."

विनिता मॅडमनी चष्मा काढला. परीक्षकांनी अहवालाची पानं उलटली. "इथे तर लिहिलंय, संशोधक केवळ निरीक्षक होती."

"खोटं लिहिलंय, सर."

"का बोललात?"

"भीती वाटली. तो गेला की माझी पाळी येईल असं वाटलं."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. "गुण राखून ठेवतो. पंधरा दिवसांत पुन्हा लिहून आणा. तेव्हाही स्वीकारेन असं नाही सांगत." मॅडमनी पेनड्राईव्ह काढून घेतला. एरवी पाठीवर थाप मारणाऱ्या मॅडम, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. शीळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, बस इंचाइंचाने सरकत होती. कल्पिताला रडू येत होतं आणि येतही नव्हतं. शेवटी तीच बोलली.

"आये, तुना कललेला ना?"

"पयल्या शब्दालाच."

"मंग उठलीस कनाला?"

"तू घाबरलीस. मी काय बसून ऱ्हाव?"

बस पुन्हा थांबली. बाहेर एक ट्रकवाला विनाकारण हॉर्न वाजवत होता. कल्पिताला वाटलं, आता आई हात धरेल. लहानपणी आजी बोलली की आई न्हाणीत नेऊन तिचं तोंड धुवायची आणि हात धरून बसायची. आता तेवढं झालं तरी पुरे होतं.

"माफी मागितलीस त्याची?" आईने विचारलं.

"नाय. तो परत आलाच नाय."

"सोधलास?"

कल्पिता हातातल्या तिकिटाची घडी करत राहिली.

"नाव काय त्याचा?"

त्याने सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, सावकाश, दोनदा सांगितलं होतं. मयूरने त्या नावाची टर उडवली होती आणि मग कोणीच ते घेतलं नाही. तो गेल्यावर कितीतरी दिवस तिने त्या मुलाचे श्वास मोजले, त्याच्यावर चौदा पानं लिहिली. चौदाही पानांवर तो आवाज क्रमांक पाच होता.

"मना नाय म्हाईत," ती म्हणाली.

आईने मांडीवरची पिशवी उचलली, बाकावर दोघींच्या मधोमध ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.