तिसरे रीळ आणि चौथे रीळ

मित्रांनो, माझ्या अंगावरून हजारो चित्रपट गेले. पाहिला मात्र मी एकही नाही. मी एक जुना रिवाइंडर आहे. लोखंडी पाटावर दोन खांब, प्रत्येक खांबाला एक आस, एका बाजूस दातेरी चाके आणि लाकडी मुठीची दांडी, एवढाच माझा देह. पडद्यावर दाखवून झालेले रीळ उलटे गुंडाळलेले असते. शेवट बाहेर आणि सुरुवात आत. ते पुन्हा सुलटे करणे, आणि करता करता तपासणे, हे माझे काम.

माझा जन्म याच महाविद्यालयाच्या कार्यशाळेत झाला. महाविद्यालयाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जाहीर केला, देशोदेशी पत्रे गेली, प्रक्षेपक यंत्रे बसली, आणि रिवाइंडर मागवायचा राहूनच गेला. घर बांधले आणि दार विसरले, अशी गत. तेव्हा कार्यशाळेच्या मास्तरांनी अकरा दिवसांत मला घडवले. दात्यांचे प्रमाण एकास चार ठेवले. दांडी एकदा फिरवली की रीळ चार वेळा फिरते. एक विद्यार्थी माझा आस हातोडीने ठोकून बसवू लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाळा, ठोकून बसवलेलं ठोकूनच निघतं. घासून बसव." त्या घासण्यामुळे आजही माझ्यात डगडग नाही.

मला चालवत ते भाऊ. वर्षभर ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक असत आणि महोत्सवाचे सात दिवस ऑपरेटर. उजव्या हाताने दांडी फिरवताना डाव्या हाताच्या दोन बोटांत ते फिल्मची कड धरत. कुठे छिद्र फाटले आहे, कुठे जोड सुटू पाहत आहे, हे डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळे. पाहुणे प्रक्षेपण कक्षात डोकावत, प्रक्षेपकांचे कौतुक करत आणि निघून जात. भाऊ मला तेल घालत म्हणत, "तुझं नाव कोणी घेणार नाही. पण तू बिघडलास ना, तर सगळे घेतील."

बाराव्या महोत्सवात दूरच्या एका देशातून पाच रिळांचा चित्रपट आला. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला एक कोरी पट्टी असते आणि तिच्यावर रिळाचा क्रमांक असतो. तिसऱ्या आणि चौथ्या रिळाची ती पट्टी पार जीर्ण झाली होती. दुसऱ्या कोणी ती तशीच चालवली असती. भाऊंनी दोन्ही पट्ट्या कापल्या, नव्या जोडल्या आणि त्यांवर आपल्या सुवाच्य अक्षरात क्रमांक घातले. दोन्ही रिळे एकाच वेळी माझ्या पाटावर होती. तिसऱ्यावर चार पडला आणि चौथ्यावर तीन. मला अक्षरे वाचता येत नाहीत, आणि येत असती तरी मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळी चित्रपट त्याच क्रमाने दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ रिळे सुलटी करत असताना जिन्यावरून दोन विद्यार्थ्यांचे बोलणे आत आले.

"बाप मरतो, आणि मग दाढी करायला परत येतो. काय धाडस आहे!"

"अरे, ते प्रतीक आहे."

"कशाचं?"

"ते दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळतं."

भाऊंचा हात थांबला. त्यांनी कचऱ्याच्या पेटीतून दोन्ही जीर्ण पट्ट्या काढल्या आणि उजेडात धरल्या. चारचा आकडा असलेल्या पट्टीवर एक लांब ओरखडा होता. तो ओरखडा थेट चित्रात पुढे चालू होता, पण ज्या रिळावर भाऊंनी तीन लिहिले होते, त्या रिळात. ते स्टुलावर बसले. चूक हयगयीने झाली नव्हती. जादा काळजीने झाली होती. पण चूक ती चूकच.

भाऊंनी निरोप धाडताच महोत्सवाच्या प्रमुख मॅडम, म्हणजे रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, धावतच वर आल्या. दुपारी त्या चित्रपटाचा दुसरा खेळ होता, दिग्दर्शक बाराला पोचणार होता आणि संध्याकाळी परीक्षक निकाल ठरवणार होते.

"परीक्षकांनी कालच पाहिलाय, भाऊ, आणि त्यांना फार आवडलाय. दुपारी सरळ क्रमानं लावा आणि झाकली मूठ राहू द्या."

"मूठ माझी असती तर झाकली असती, मॅडम. चित्रपट त्याचा आहे."

"आणि त्याचं बक्षीस गेलं तर?"

"जाईलही."

"बारा वर्षं तुमच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती."

"आता आहे. ठेवू द्या ज्याला ठेवायचंय त्याला."

दिग्दर्शक आला, लहान चणीचा, वृद्ध. भाषा विभागाच्या सरांना दुभाषी म्हणून मध्ये घेऊन भाऊंनी सारे सांगितले. म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला.

सर म्हणाले, "ते विचारतायत, दाढीच्या प्रसंगाला लोक हसले का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "सगळे गंभीर बसले होते."

म्हातारा हळूहळू बोलत गेला आणि सर सांगत गेले. "तो प्रसंग हसण्यासाठीच आहे. ते माझे वडील आहेत. लोकांनी आधी त्यांना हसत भेटावं, मग निरोप द्यावा. काल लोकांनी एका अनोळखी माणसाला निरोप दिला."

भाऊंनी माझ्या पाटावर मूळ पट्ट्या पुन्हा जोडल्या. फाटकी छिद्रे एकेक करून सांधली. दुपारी मॅडमनी परीक्षकांना स्वतः आणून पुन्हा बसवले. भाऊंनी कक्षाची खिडकी थोडी उघडी ठेवली होती. तिसरे रीळ चालू असताना खालून हसू आले. आधी एका कोपऱ्यातून, मग साऱ्या सभागृहातून. चौथ्या रिळाला कोणी खोकलेसुद्धा नाही. म्हातारा कक्षातच भाऊंच्या शेजारी उभा होता. तो पडदा पाहत नव्हता, ऐकत होता.

बक्षीस दुसऱ्या चित्रपटाला गेले. काल धाडसी वाटलेला प्रयोग परीक्षकांना आज साधा वाटला म्हणे. निघताना म्हाताऱ्याने भाऊंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हटले. सर तेव्हा जिन्यावर होते, त्यामुळे तो काय म्हणाला हे कोणालाच कळले नाही. भाऊंनी कोणाला विचारलेही नाही.

आता चित्रपट हाताच्या पंजाएवढ्या डबीतून येतात आणि त्यांना सुलटे करावे लागत नाही. मी व्हरांड्यात असतो. माझ्या खांबांवर लोक ओल्या छत्र्या टांगतात. एका आसाला गंज धरू लागला आहे. कोणी तेलाचे दोन थेंब घातले, तर मी अजून फिरेन.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल तेव्हा तिच्यावरची मूळ खूण आधी नीट पाहा, आणि काम तपासून होईपर्यंत ती टाकू नका. इतके करूनही चूक झालीच, तर ज्याचे नुकसान झाले त्याला सर्वांत आधी सांगा. लवकर सांगितले, तर बहुतेक वेळा दुपारचा एक खेळ शिल्लक असतो.