दोन दवाखान्यांचा जावई

आमच्या दवाखान्यातल्या जनरेटरला आम्ही जावईबापू म्हणतो. नाव मीच ठेवलंय, आणि त्याला कारण आहे. सरकारी कागदावर नदीच्या अलीकडच्या दवाखान्यात एक जनरेटर आहे आणि पलीकडच्या दवाखान्यात एक आहे. प्रत्यक्षात दोघांत मिळून एकच. दुसऱ्याचे पैसे कुठे गेले ते मला विचारू नका. ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांची बदली होते. माझी इकडे बदली अशीच झाली. तर दरवर्षी तपासणी आली की पहिल्या दिवशी मशीन आमच्याकडे दाखवायचं, रात्री ट्रकवर चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे दाखवायचं. निघण्याआधी त्याला आंघोळ, पुसापुशी, पोटभर डिझेल. इतके लाड घरच्या जावयाचे होत नाहीत हो.

हा सगळा सोहळा पार पाडतात आमचे भांडारप्रमुख. त्यांना सगळे भाऊजी म्हणतात. गोड माणूस, कुणाची रजा अडू देणार नाही, कुणाला नाही म्हणणार नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. मशीनवरची नंबरची पट्टी इकडे एक लावायची, तिकडे दुसरी, त्यासाठी.

मी नवजात बाळांच्या वॉर्डची मोठी सिस्टर. माझा आवाज गेटपर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणतात. म्हणू देत, खरंच आहे ते.

त्या दिवशी वॉर्डात एक मुलगी होती. सातव्याच महिन्यात जन्माला आलेली, माझ्या पंजात मावेल एवढी. स्वतःचा श्वास घ्यायची ताकद नव्हती, म्हणून तोंडातून नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलेली. त्या मशीनची आतली बॅटरी कधीच मेलेली. नवी बसवली आहे, असं भांडाराचं म्हणणं. म्हणजे लाईट गेली तर जनरेटर, आणि जनरेटर नसला तर कपाळ. तिची आई काचेबाहेर उभी होती. बाळंतीण बाई, बसा म्हटलं तरी बसत नव्हती.

दुपारी अंगणात क्रेनचा आवाज आला. मला वाटलं शेजारी बांधकाम असेल. खिडकीतून पाहिलं तर जावईबापू हवेत लटकतायत!

मी जिने उतरले ते पळतच. "भाऊजी! हे काय चालवलंय? दिवसाढवळ्या?"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालेलं. "ताई, घोटाळा झाला. आतून कळलं, तपासणीच्या बाई पलीकडे उद्या नाही, आजच जाणार आहेत. जेवण झालं की निघतील. त्याआधी तिकडे पोचायला हवं."

"आणि माझ्या वॉर्डात बाळ मशीनवर आहे त्याचं काय?"

"लाईट जाणार नाही. मी वीजवाल्यांना फोन करून सांगितलंय. दोन-तीन तासांचा प्रश्न आहे हो."

"वीजवाले तुमचे मेहुणे लागतात का? साहेबांना सांगते मी."

"साहेब मीटिंगला गेलेत," भाऊजी म्हणाले. आमचे साहेब अशा वेळी मीटिंगलाच असतात.

मी ट्रकपुढे उभी राहिले असते, पण वॉर्डातून हाक आली. वर जाऊन बाळाची नळी साफ करून परत खाली येईपर्यंत ट्रक गेला होता, क्रेनही गेली होती. चौथऱ्यावर तेलाचे डाग आणि चार बोल्ट. माझं डोकं इतकं तापलं की मी सरळ भांडारात घुसले. तपासणीच्या बाई तिथे पंख्याखाली डबा खात होत्या. शांत, चष्मेवाल्या, मुलांना गणित शिकवत असतील अशा.

"बाई, तुम्ही सकाळी पाहिलेला जनरेटर आता पलीकडे निघालाय. तुम्हाला तोच परत दाखवणार आहेत."

त्यांनी घास खाली ठेवला. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे? आणि तरी डबा खाताय?" मी म्हणाले.

"मागच्या वर्षी मी ते लिहिलं होतं. वरून उत्तर आलं, योग्य ती कार्यवाही सुरू आहे. त्या उत्तरावर माझ्याच वरिष्ठांनी मुद्दा बंद केला. या वर्षी म्हटलं, न सांगता दुपारीच पलीकडे जावं, म्हणजे रिकामा चौथरा सापडेल. पण इथल्याच कुणीतरी त्यांना आधी कळवलं."

"म्हणजे तुम्ही त्यांना पकडायला गेलात, आणि माझ्या बाळाचा आधार काढून घेतलात?"

"बाळ?" त्या म्हणाल्या. "कुठलं बाळ?"

आणि पंखा थांबला.

तो थांबताना मी पाहिला. आधी पाती दिसायला लागली, मग तीही स्थिर झाली. मी त्या बाईंचं मनगट धरलं आणि ओढलं. का धरलं, कोण जाणे. हात कमी पडणार हे हातांनाच आधी कळलं असेल. बाईंची चप्पल जिन्यात राहिली.

वॉर्डात श्वासाचं मशीन मुकं झालेलं. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत, पोट उघडलेल्या बाईला सोडून येणार कसे? माझी धाकटी सिस्टर बाकीच्या बाळांना कपड्यात गुंडाळत होती. मी नळीला रबरी पिशवी जोडली आणि दाबायला लागले. दोन बोटांनी, हळू. छाती वर आली पाहिजे, पण फुगता कामा नये. दाब, सोड. दाब, सोड.

"भाऊजी!" मी ओरडले. ते दारातच उभे होते, भिंतीसारखे पांढरे. "त्या ट्रकला फोन करा! मागे फिरवा!"

"क्रेन गेली ताई, उतरवणार कसं?"

"उतरवू नका! ट्रकवरच चालू करा! वायरमनला बोलवा, जा!"

ते गेले. आता नळीत पुन्हा कफ भरला होता. तो काढायचा तर मला माझे हात मोकळे हवे होते.

"बाई, इकडे या. हे धरा."

"मी? मला नाही जमणार."

"जमतंय का विचारलं नाही मी. धरा! दोन बोटं. मी म्हणेन तेव्हा दाबायचं."

त्यांनी धरलं. भीतीनं त्या भराभर दाबायला लागल्या आणि बाळाचे ओठ निळे पडायला लागले. बाहेर आईनं काचेवर दोन्ही हात टेकले.

"अहो, हळू! कुठे पळायचंय? माझ्याबरोबर. दाब. सोड. दाब. सोड."

मी कफ ओढून काढला. ओठ निळेच. पुन्हा ओढला. मी तिच्या तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली, तिला शिव्यासुद्धा दिल्या. "अगं नकटे, इतक्या लांबून आलीस ती यासाठी का? घे ना श्वास!" बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण लय सुटली नाही. मग ओठांच्या कडेला जरासा रंग आला. मग गालावर. मी बाईंना शाबास म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

खाली ट्रक उलटा येत असल्याचा आवाज झाला. केबल पुरेना, म्हणून तो साहेबांच्या फुलझाडांवरून पार भिंतीपर्यंत आला. वायरमनच्या आणि भाऊजींच्या हाका, लोखंडाचा खणखणाट, एकदा धडधड होऊन बंद, परत धडधड. दिवे लागले. श्वासाच्या मशीननं शिट्टी दिली आणि कामाला लागलं. मी बाईंची बोटं पिशवीवरून एक-एक करून सोडवली. त्या स्वतः सोडत नव्हत्या.

भाऊजी धापा टाकत वर आले. हात काळे, शर्ट फाटलेला. बाळाची आई त्यांना सामोरी गेली आणि तिनं त्यांचे ते तेलकट हात हातात घेतले. "भाऊ, तुम्ही मशीन आणलंत म्हणून माझी मुलगी वाचली. सख्खा भाऊ धावला नसता असे धावलात."

"अहो ताई, कामच आहे आमचं ते," भाऊजी म्हणाले.

सवयीनं म्हणाले असतील. पण माझा तोल गेला. "कामच आहे? कुंपणानंच शेत खायचं आणि वर आभार घ्यायचे? अहो, हात सोडा त्यांचे. मशीन आणलं नाही यांनी, मशीन नेलं होतं. पलीकडे खोटं दाखवायला. सरकारनं दोन घेतली, एक कुणाच्या तरी घशात गेलं, आणि ते झाकायला तुमच्या मुलीचा श्वास गहाण टाकला होता."

आईनं हात सोडले नाहीत. तशीच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. "भाऊ?" ती म्हणाली. "या काय म्हणतायत?"

भाऊजींना हात सोडवून घेता येईना. "मी नाही खाल्ले," ते म्हणाले. "शप्पथ. मला फक्त सांगतात, मी फक्त नेतो-आणतो."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. हात गुंतलेले. तपासणीच्या बाईंनी खिशातून तो काढला, पाहिलं, आणि आवाज मोठा करून धरला. पलीकडच्या दवाखान्यातून होता.

"बोला," बाई म्हणाल्या. "तुमचा जनरेटर पाहायला येणारी मीच. चालू आहे का तो?"

खोटं ऐकायला आम्ही सगळे कान लावून होतो. मला तर ते हवंच होतं, म्हणजे रंगेहाथ सापडतील.

पण आवाज एका मुलीचा होता. "मॅडम, मी वॉर्डातली सिस्टर. भाऊजी कुठायत? इथे लाईट गेलीय. त्यांनी सांगितलं होतं, मशीन निघालंय, येतंच आहे. कुठवर आलंय? माझ्याकडे दोन बाळं आहेत नळीवर."

बाईंनी फोन भाऊजींच्या तोंडापुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं. मग मीच फोन घेतला.

"अगं, मी अलीकडची मोठी सिस्टर. मशीन येत नाही. पिशवी जोडलीस का?"

"एकाला जोडलीय, ताई. दुसऱ्याला आया दाबतेय, पण तिला जमत नाहीये. डॉक्टर नाहीत. येत नाही म्हणजे? निघालं होतं ना?"

तपासणीच्या बाईंनी एका पायात चप्पल नसतानाच भाऊजींचं मनगट पकडलं. "चला," त्या म्हणाल्या. "माझी गाडी आहे. दाबायचं कसं ते मी वाटेत सांगते." भाऊजी गेले, एखाद्या पोरासारखे त्यांच्यामागे ओढले गेले. पूल ओलांडून पोचायला त्यांना कितीही घाई केली तरी वेळ लागणार होता.

"दोन माणसं निघालीत तुझ्याकडे," मी फोनवर म्हणाले. "तोवर माझ्याबरोबर म्हण. आयालाही ऐकू जाऊ दे. दाब. सोड. दाब. सोड."

ती म्हणत राहिली. मागून आयाचा रडवेला आवाज, दाब, सोड. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. काचेपलीकडे तिच्या मुलीची छाती मशीनबरोबर नीट वर-खाली होत होती.

मग पलीकडची सिस्टर मध्येच थांबली. "ताई, तुमच्याकडे मागे तो धडधड आवाज कसला येतोय?"

मी आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"मशीनचा," मी म्हणाले. "आमच्याकडे चालू आहे. तू थांबू नकोस बाळा. दाब."