जेवून घ्या, मी थांबते

आधीच सांगतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला दोन दिवस लागले.

तिवशाच्या स्टँडवर, दुर्गाबाईच्या चहाच्या टपरीत मी सुरुवात केली ती अशी. किराणा दुकानाचा देवानंद होता, अमरावतीच्या गाडीला थांबलेले तिघेचौघे होते. त्यांतला एक पुढे अकोल्याला जाणार होता. त्याला मी मुद्दाम माझ्या बाकावर घेतलं, कारण ही गोष्ट अकोल्याला पोचायलाच हवी होती. रस्त्यापलीकडे आमच्या भाजीच्या दुकानावर माझी नात प्रणाली मेथीच्या जुड्या बांधत होती. दोन महिन्यांपासून ती तिथंच बसते, मान खाली घालून. का बसते ते गावाला माहीत आहे, आणि गावाला जे माहीत आहे ते खोटं आहे.

अकोल्यात जठारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कुलदीप नावाच्या इसमाची कंपनी आहे. कंपनीचं नाव मी घेत नाही, घेतलं की चूळ भरावी लागते. तिथं हाताला न लागणारं नाणं विकतात. मोबाइलात घ्यायचं, मोबाइलातच ठेवायचं. त्या तिजोरीची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते ज्याच्याजवळ, नाणं त्याचं. शब्द विसरले, खातं अडकलं, की माणूस घाबरून कंपनीला फोन करायचा आणि तो उचलणारं कोणी नसायचं. इंग्रजीत एक मेल यायचा. तो वाचून माणूस आणखी घाबरायचा.

प्रणाली तिथं नोकरीला लागली आणि हे फोन घेण्याचं सगळं काम तिनं उभं केलं. आधी सहा महिने नुसते लोकांचे फोन ऐकले, वहीत टिपले. तिच्या ध्यानात आलं की आपल्याकडचा माणूस विचारायला फोन करतच नाही, तो रुसायला करतो. मग तिनं नियम बसवले. आधी गाव विचारायचं. मग जेवण झालं का विचारायचं. नाही म्हणाला, तर सांगायचं, ‘जेवून घ्या, मी थांबते,’ आणि खरंच थांबायचं, फोन ठेवायचा नाही. उपाशी आणि घाबरलेल्या माणसाला चार बटणं नीट दाबता येत नाहीत, हे तिनं पाहिलं होतं. माझं समाधान झालं असं तो स्वतः म्हणेपर्यंत तक्रार मिटवायची नाही. साहेबाकडे पाठवायची, त्यानंही नाही भागलं तर मालकाकडे. आणि ते बारा शब्द कोणालाच, कधीच विचारायचे नाहीत.

कुलदीपनं काय केलं? पोरीचे सगळे फोन एका मशीनला ऐकवले. मशीन तिच्याच आवाजात बोलायला लागलं. मग अमरावतीच्या एका हॉलात ‘हे मी बांधलं’ म्हणून यानं शाल पांघरून घेतली. आता पोरीला काढायला कारण हवं, तर सांगत सुटला की ही लोकांना बारा शब्द विचारत होती. म्हणजे चोर. आमच्या घरात तीन पिढ्या तराजूचा काटा सरळ राहिला, आणि आमची पोरगी चोर.

मी रागावलो नाही. मी रुसलो.

माझं रुसणं तुम्ही पाहिलेलं नाही, तुमची वयं लहान आहेत. बडनेऱ्याच्या एका लग्नात मला वरणात माशी दिसली. मी मांडवाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो तो तिसऱ्या दिवशी उठलो. तोवर नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे. शेवटी मुलीचा बाप स्वतः शेला-नारळ घेऊन आला, तेव्हा अक्षता पडल्या.

दुर्गाबाई गाळणी झटकत म्हणाली, “पुंजारामभाऊ, माशी तुमीच टाकली असन.”

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर मी पत्ता काढला, कुलदीपकडे पुण्याचे बडे पाहुणे मशीन बघायला कधी येणार. आले असते, बघितलं असतं, त्यांनी कंपनीत भरपूर पैसा ओतला असता. तो दिवस मी धरला. तिवशापासून बडनेऱ्यापर्यंत लग्नात रुसण्याची ज्याची ज्याची ख्याती होती, असा एकेक मामा, जावई, व्याही मी गाठला. चारशे तेरा भरले. सकाळी दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम फोन लावला.

आवाज आमच्याच पोरीचा, गोड. कोणत्या गावचे, विचारलं. सांगितलं. जेवण झालं काय, विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“जेवून घ्या, मी थांबते.”

आणि मशीन थांबलं. चारशे तेरा घरांत थांबलं. मी पाटावर बसलो, पहिल्या भाकरीला तास लावला. माझे व्याही महादेवराव यांनी तर तूर भरडण्यापासून सुरुवात केली.

तिकडे जठारपेठेत पाहुण्यांनी आपल्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला. मशीननं त्यांना नम्रपणे सांगितलं की तुमच्या आधी चारशे तेरा जण आहेत आणि ते जेवून राहिले. कुलदीपचं तोंड पाहण्यासारखं झालं म्हणतात. त्यानं आयुष्यात पोरीचा एक फोन ऐकला नव्हता, त्याला हा नियम ठाऊकच नव्हता. फोन तोडावेत, तर भिंतीवर यानंच हातभर अक्षरांत लिहिलेलं, ‘आम्ही ग्राहकाला मध्येच सोडत नाही,’ आणि पाहुणे त्याच भिंतीकडे बघत बसलेले. चार वाजता ते उठले आणि चहाही न घेता गेले.

मग त्यानं प्रणालीला फोन लावला, हे थांबवायचं कसं म्हणून. ती म्हणाली, “सर, मी जेवून राहिली.”

आमची जेवणं झाली, पण समाधान झालं नाही. मशीननं आम्हाला साहेबाकडे पाठवलं, साहेबानं मालकाकडे. मालकाचा फोन चारशे तेरा वेळा वाजला आणि प्रत्येकानं एकच सांगितलं, शेला-नारळ घेऊन तिवशाला ये.

परवा तो आला. आमच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर उभा राहिला. साक्षीला मी, प्रणाली आणि दोन बैल. बुटात काळी माती, मान खाली. म्हणाला, “काम प्रणालीचं आहे. तिनं कोणालाच शब्द विचारले नाहीत. मी खोटं बोललो.” मी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बैलांकडे तोंड करून, त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं म्हणून. अकोलेवाल्या भाऊ, हे तिथं जसंच्या तसं सांगा. जठारपेठेत तर दोनदा सांगा. त्या माणसानं रस्त्यानं जाताना खाली बघून चालावं, एवढीच माझी इच्छा आहे.

शेला मी परत केला, रंग काही खास नव्हता. नारळ ठेवून घेतला. हा बघा.

पिशवीतून काढून मी तो बाकावर ठेवला. रस्त्यापलीकडे जुड्या बांधायच्या थांबल्या होत्या. देवानंदनं नारळ उचलला, फिरवून शेंडी पाहिली आणि पलीकडच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात बोलला.

“पुंजारामजी, माझं खातं अडकलं तवा मी या पोरीलेच फोन केला होता. मीच घाबरून बारा शब्द सांगाले निघालो, त हे म्हणे, काका, मलेही सांगू नका. हे मी अकोल्याले येऊन कोणाच्याही तोंडावर सांगतो. पण हा नारळ तुमी आज सकाळी माझ्या दुकानातून नेला. सात नारळ कानाशी हलवून पायले, तवा हा घेतला. काहून खोटं बोलून राहिले?”